म्हातारचळाची नावे

मराठी भाषेला म्हातारपणाच्या विस्मृतीची ओळख फार जुनी आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या घरात कधीच उच्चारली गेली नाही असे घर विरळा. तिच्या जोडीला ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे. जेवून घटकाही झाली नाही तोच ‘मला अजून कोणी वाढले नाही’ म्हणून रुसणारे आजोबा, पोटच्या लेकीला ‘बाई, तुम्ही कोणाकडच्या?’ असे विचारणारी आजी, रात्रीबेरात्री कडी काढून ‘आपल्या घरी’ जायला निघालेले निवृत्त मास्तर, या सर्वांना समाजाने या एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली घेतले. त्या शब्दात थोडी थट्टा आहे, थोडा वैताग आहे आणि पुष्कळशी क्षमाही आहे. दोष माणसाचा नाही, वयाचा आहे, असे तो शब्द सांगतो.

परंतु क्षमा करणारा शब्द ज्ञान देणारा असतोच असे नाही. वय हेच कारण ठरले की पुढचा प्रश्न उरत नाही. सर्व विस्मृती एकाच जातीची आहे काय, तिच्यातील काही थोपविता येते काय, काही बरे करता येते काय, हे विचारण्याचे मग कोणाला सुचत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने जे केले ते थोडक्यात सांगायचे तर असे: या एका शब्दाखाली दडलेले अनेक रोग त्याने एकेक करून वेगळे काढले आणि त्यांना नावे दिली. त्या कामात सर्वांत मोठी अडचण मेंदूच्या जागेची होती. हृदयाचे ठोके कानाने ऐकता येतात, यकृत हाताने चाचपता येते. मेंदू मात्र हाडांच्या बंद पेटीत असतो. ती पेटी न उघडता आतला अवयव पाहण्याची विद्या कशी आली आणि तिच्यामुळे म्हातारचळाची वर्गवारी कशी बदलली, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठमोठ्या वेड्यांच्या इस्पितळांत वृद्ध रुग्णांची गर्दी असे. फ्रेंच वैद्य एस्किरोल याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात जन्मतः मंद असलेली बुद्धी आणि असलेली बुद्धी पुढे गमावणे यांत स्पष्ट भेद केला. हा पहिला विवेक. तथापि गमावलेल्या बुद्धीचे कारण शोधायचे तर रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. शवविच्छेदनाच्या टेबलावर कवटी उघडली जाई, तेव्हा कोठे मेंदू दिसे. प्राग येथील आर्नोल्ड पिक याने १८९२ साली ७१ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या गृहस्थाची वाचा हळूहळू लोपली होती. त्याच्या मेंदूची झीज सर्वत्र सारखी झालेली नव्हती. डाव्या कानशिलाकडील खंडावर तिचा विशेष रोख होता. म्हातारपणी मेंदू आक्रसतो हे सर्वांना ठाऊक होते. परंतु तो एका ठिकाणी अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी कमी आक्रसतो, आणि जेथे आक्रसतो तेथले काम बंद पडते, हा पिकचा बोध नवा होता. पुढे शंभर वर्षांनी यंत्रांनी जे दाखविले त्याचे बीज येथे आहे. दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, ओटो बिन्स्वांगर याने रक्तवाहिन्यांच्या विकाराने मेंदूच्या अंतर्भागाची, म्हणजे त्यातील श्वेत द्रव्याची, हानी झालेले रुग्ण वर्णिले. एकाच्या दोन जाती झाल्या होत्या.

तिसरी जात फ्रँकफुर्टच्या इस्पितळात सापडली. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तेथे ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. प्रथम तिला पतीविषयी विनाकारण संशय येऊ लागला, मग स्मरणशक्ती ढासळली, मग स्वयंपाकघरातील नित्याची कामेही तिला जमेनाशी झाली. आलोईस आल्त्सहायमर हे तिचे डॉक्टर. ते रोज तिला साधे प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे जशीच्या तशी उतरून घेत. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले की तिची लेखणी आरंभालाच अडखळे; आपण काय लिहावयाचे होते हेच ती विसरे. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. आल्त्सहायमर तोपर्यंत म्यूनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. मेंदूचा पृष्ठभाग आक्रसलेला होता, आणि चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या कापांत सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेल्या द्रव्याचे ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेल्या तंतूंच्या गाठी. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे सांगितले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला आल्त्सहायमरचे नाव दिले. तेच नाव आज इंग्रजी उच्चाराने ‘अल्झायमर’ म्हणून मराठी घरांत रूढ झाले आहे.

मात्र या नावाबरोबर एक घोटाळाही रूढ झाला. ऑगुस्ट डेटर म्हातारी नव्हती. म्हणून अल्झायमरचा रोग हा साठीच्या आतल्या माणसांना क्वचित होणारा दुर्मीळ विकार समजला गेला. साठीनंतरची विस्मृती निराळी ठेवण्यात आली, आणि तिचे कारण म्हणून ‘मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या’ हे वाक्य जगभर डॉक्टरांच्या तोंडी बसले. म्हणजे म्हातारचळाला शास्त्रीय पोशाख मिळाला एवढेच. वय वाढले, वाहिन्या कठीण झाल्या, रक्त कमी पडले, बुद्धी गेली, अशी ती सरळ साखळी होती. आणि तिच्यात उपायाला जागा नव्हती.

ही साखळी तोडणाऱ्यांत मुंबईच्या एका शास्त्रज्ञाचे नाव येते, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. डॉ. दाराब दस्तूर यांनी पुढे मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय यांच्या आवारात चेतासंस्थेच्या विकृतिशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. त्यापूर्वी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत निरोगी वृद्ध पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला होता. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातील मेंदूच्या रक्ताभिसरणासंबंधीच्या लेखाचे पहिले लेखक दस्तूर हे होते. काळजीपूर्वक निवडलेल्या, खरोखर निरोगी अशा वृद्धांच्या मेंदूतून वाहणारे रक्त आणि त्या मेंदूने वापरलेला प्राणवायू तरुणांपेक्षा लक्षणीय कमी नाही, असे त्यात आढळले. ज्यांच्या वाहिन्यांत विकाराची चिन्हे होती त्यांच्यात मात्र प्रवाह घटलेला होता. या निष्कर्षाचा अर्थ सरळ होता. साठी ही साठी आहे. बुद्धी नाठी होण्यास आणखी काही कारण घडावे लागते. म्हणीतील दोन पदांचा संबंध येथे प्रथमच मोजमापाने तपासला गेला आणि तो कच्चा निघाला.

त्याच दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी दुसऱ्या बाजूने काम आरंभिले. वृद्ध रुग्ण जिवंत असताना त्यांच्या बुद्धीची गुणांकनाने परीक्षा घ्यावयाची आणि मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासावयाचा, असा त्यांचा क्रम होता. १९७० मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ५० वृद्धांच्या मेंदूंचा वृत्तांत दिला. त्यांतील सुमारे निम्म्यांत आल्त्सहायमरने पाहिलेलेच ठिपके आणि त्याच गाठी होत्या. केवळ रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेला बुद्धिनाश त्या मानाने बराच कमी होता. दुर्मीळ समजला गेलेला रोग वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण निघाला. उलट वाहिन्यांच्या विकाराचे क्षेत्र आटोपशीर झाले. १९७४ मध्ये हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तेथे प्रश्न वाहिन्या कठीण होण्याचा नसून, रक्तपुरवठा तुटून मेंदूचे लहानमोठे तुकडे मरण्याचा आहे. असे तुकडे मरणे म्हणजे छोटे छोटे पक्षाघातच. आणि रक्तदाब व मधुमेह आवरला तर ते पुष्कळ अंशी टाळता येतात. नाव बदलताच उपायाची वाट दिसू लागली.

तथापि हे सारे ज्ञान मृतांकडून मिळालेले होते. घरातल्या जिवंत आजोबांच्या मेंदूत काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग अजून नव्हता. १८९५ साली रॉन्टगेनने क्ष-किरण शोधून काढले तेव्हा काही काळ आशा वाटली. परंतु क्ष-किरणांच्या छायाचित्रात कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. मेंदू, त्याभोवतीचा द्रव आणि रक्त यांची घनता इतकी जवळजवळची की चित्रात सर्व एकसारखे धुरकट उमटे. बॉल्टिमोर येथील शल्यवैद्य वॉल्टर डँडी याने यावर एक धाडसी तोड काढली. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांतील द्रव काढून तेथे हवा भरली तर हवेची आकृती तरी चित्रात उठून दिसेल! १९१८ मध्ये त्याने कवटीतून आणि १९१९ मध्ये पाठीच्या कण्यातून हवा घालून अशी चित्रे घेतली. मेंदू झिजला असेल तर पोकळ्या मोठ्या दिसत. पण या परीक्षेने रुग्णाला असह्य डोकेदुखी होई, वांत्या होत, क्वचित प्राणावरही बेते. विसराळू झालेल्या वृद्धाला अशा यातना देण्यास कोण धजावणार? म्हणून पन्नास वर्षे ही युक्ती असूनही म्हातारचळाच्या रुग्णांना तिचा उपयोग बेताचाच झाला.

मेंदूत डोकावून पाहणे केवळ जिज्ञासेसाठी नसते, हे १९६५ साली एका प्रकरणाने स्पष्ट केले. कोलंबियाचे शल्यवैद्य सालोमोन हाकीम आणि बॉस्टनचे रेमंड ॲडम्स व त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले की ज्यांची स्मृती मंदावली होती, पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालत होते आणि लघवीवरील ताबा सुटला होता. त्यांच्या मेंदूच्या पोकळ्या द्रवाने फुगलेल्या होत्या, पण द्रवाचा दाब मात्र नेहमीएवढाच होता. तो जादा द्रव नळीवाटे दुसरीकडे वळवताच त्यांच्यात सुधारणा झाली. म्हातारचळ समजून ज्यांना कोपऱ्यात बसविले गेले असते ती माणसे पुन्हा चालूबोलू लागली. तेव्हापासून एक प्रश्न वैद्यकाच्या मनाला टोचत राहिला: कोपऱ्यात बसविलेल्या वृद्धांत अशी बरी होण्याजोगी माणसे किती असतील?

त्या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र ज्या कंपनीतून आले ती कंपनी मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाची होती. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्यांच्या तबकड्यांवर असे, त्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ची मालक ई. एम. आय. हीच ती कंपनी. नाट्यपदांच्या तबकड्या ज्या उद्योगाने घरोघर पोहोचविल्या, त्याच्याच प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचा एक अबोल अभियंता काम करीत असे. डोक्यातून एकाच दिशेने क्ष-किरण सोडण्याऐवजी अनेक दिशांनी बारीक शलाका सोडावयाच्या, प्रत्येक शलाका किती क्षीण होऊन बाहेर पडते ते मोजावयाचे आणि त्या सर्व आकड्यांवरून गणकयंत्राने आतला काप रचावयाचा, अशी त्याची कल्पना होती. या गणिताचा विचार दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ॲलन कॉर्मॅक यांनी स्वतंत्रपणे आधीच केला होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले गेले. ते उभेआडवे ८० चौकोनांचे, भरड असे होते. पण मेंदूतील गाठ त्यात स्पष्ट दिसली. हाच सी. टी. स्कॅन. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना मिळून देण्यात आले.

आता वेदना न देता जिवंत मेंदूचे काप पाहता येऊ लागले. फुगलेल्या पोकळ्या, वाढणारी गाठ, रक्तपुरवठा तुटून मेलेले तुकडे, किरकोळ पडण्याचे निमित्त होऊन कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, हे सारे डोळ्यांनी दिसू लागले. यांतील शेवटचा प्रकार वृद्धांत मुळीच दुर्मीळ नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, डोक्याला थोडे लागते, ते सर्वजण विसरून जातात. आणि काही आठवड्यांनी बुद्धी गोंधळू लागते. ते रक्त काढून टाकले की पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

परंतु अल्झायमरच्या बाबतीत आरंभी निराशाच पदरी आली. रोगी वृद्धांचा मेंदू झिजलेला दिसे, हे खरे. पण निरोगी वृद्धांचाही थोडाफार झिजलेला दिसे. दोहोंची मापे एकमेकांत मिसळत. संपूर्ण मेंदूची झीज मोजून रोग आणि वय यांची फारकत होईना. येथे पिकचा जुना बोध कामी आला: किती झीज झाली यापेक्षा कोठे झाली हे विचारले पाहिजे.

कोठे पाहावयाचे, याचे उत्तर एका दुर्दैवी शस्त्रक्रियेने दिलेले होते. अमेरिकेतील एका तरुणाचे अपस्माराचे झटके थांबविण्यासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. पण त्यानंतर त्या तरुणाला कोणतीही नवी गोष्ट काही मिनिटांपलीकडे आठवेना. स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी १९५७ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या भागात समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव आहे, त्याचे नाव हिपोकॅम्पस. नवी आठवण साठविण्याचा दरवाजा तो हाच. पुढे १९९१ मध्ये ब्राक दांपत्याने दाखविले की अल्झायमरच्या गाठींची वाटचाल प्रथम याच परिसरात सुरू होते आणि मग मेंदूभर पसरते. आज सकाळची गोष्ट विसरणाऱ्या आजीला पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातील पंगत का आठवते, याचा उलगडा यातून होतो.

या लहानशा अवयवाचे स्पष्ट चित्र घेण्यास सी. टी. पुरेसे नव्हते. ते काम दुसऱ्या यंत्राने केले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याच सुमारास ज्या पद्धतीचा पाया घातला, तिला आज एम. आर. आय. म्हणतात, २००३ मध्ये तिच्यासाठी या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांना रांगेत लावून रेडिओलहरींनी डिवचले की ते स्वतः क्षीण लहरी परत पाठवितात. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या दीड टेस्लाच्या यंत्रात या लहरींची कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ असते, म्हणजे आकाशवाणीच्या एफ. एम. प्रक्षेपणाहून काहीशी कमी. श्रोता जसा दूरचे केंद्र लावून ऐकतो, तसे हे यंत्र शरीरातील पाण्याचे सूक्ष्म प्रक्षेपण ऐकते आणि त्याचे चित्र करते. भारतात १९८६ च्या सुमारास दिल्लीत अशा यंत्राचा प्रवेश झाला आणि पुढे मोठ्या शहरांतून ती पसरली.

१९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फिलिप शेल्टेन्स यांनी हिपोकॅम्पसच्या झिजेला शून्य ते चार असे गुण देण्याची सोपी रीत सुचविली. तिला गणकयंत्र लागत नाही, शिकलेली नजर पुरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मोजणीत निरोगी वृद्धांचा हिपोकॅम्पस वर्षाला सुमारे दीड टक्का, तर अल्झायमरच्या रुग्णांचा सुमारे ४ टक्के आटत असल्याचे आढळले. एकाच चित्रात जो भेद अस्पष्ट राहतो, तो वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांच्या तुलनेत उघड होतो.

अशा रीतीने म्हातारचळाचा भूगोल तयार झाला. हिपोकॅम्पस आणि त्याचा परिसर प्रथम झिजला तर अल्झायमरचा संशय बळावतो. कपाळाकडील खंड किंवा कानशिलाचे पुढचे टोक आक्रसले तर तो पिकने वर्णिलेल्या कुळातील विकार असण्याचा संभव अधिक. या विकारात स्मृती बराच काळ शाबूत राहते आणि स्वभाव आधी पालटतो. आयुष्यभर मर्यादेने वागलेला माणूस चारचौघांत नको ते बोलतो, पैसे उधळतो, आणि घरचे लोक त्याला रोगी न समजता दुर्वर्तनी समजतात. श्वेत द्रव्यात डागांची जाळी आणि जागोजाग मृत तुकडे दिसले तर रक्तवाहिन्यांचा विकार. आणि लक्षणे स्मृतिभ्रंशाची असूनही हिपोकॅम्पस बऱ्यापैकी टिकून असेल, जोडीला रुग्णाला नसलेली माणसे दिसत असतील आणि हालचाली मंदावल्या असतील, तर ‘लुई पिंडांचा’ विकार. फ्रिट्झ लुई याने हे पिंड १९१२ मध्ये पाहिले होते. त्यांच्याशी निगडित स्मृतिभ्रंशाची ओळख जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून करून दिली.

ही वर्गवारी पंडितांचा छंद नव्हे. लुई पिंडांच्या रुग्णाला भास होतात म्हणून घाईने वेडावरची काही औषधे दिली गेली तर त्याचे अंग ताठरते, शुद्ध हरपते आणि कधी मृत्यूही ओढवतो, असे इंग्लंडमधील मॅककीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये निदर्शनास आणले. एका जातीला जे सोसवते ते दुसरीला मारते. येथे नाव चुकणे म्हणजे नुसती नोंद चुकणे नव्हे, माणूस गमावणे आहे. २००९ मध्ये न्यूकॅसलच्याच एका अभ्यासात, जिवंतपणी घेतलेली चित्रे मृत्यूनंतरच्या तपासणीशी ताडून पाहिली गेली. हिपोकॅम्पसच्या परिसराच्या झिजेवरून अल्झायमरचे १०० पैकी सुमारे ९१ रुग्ण ओळखता आले, आणि लुई पिंडांचे व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे १०० पैकी सुमारे ९४ रुग्ण त्यांतून वगळता आले. जी गोष्ट कळण्यासाठी आल्त्सहायमरला साडेचार वर्षे आणि एक मृत्यू लागला, तिचा बराचसा अंदाज आता अर्ध्या तासात येतो.

भारतात या विद्येची कसोटी थोडी वेगळी आहे. मुंबईत वास, पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४,४८८ लोकांची पाहणी करून २००१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. पुढे देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीवरील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक दिसले. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत १२९ रुग्णांच्या अभ्यासात, २००५ च्या वृत्तांतानुसार, सुमारे १८ टक्क्यांत उपचारयोग्य कारण सापडले. मेंदूतील जंतुसंसर्ग, साचलेला द्रव, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव अशी ती कारणे होती. यांतील काही चित्रात दिसतात, काही रक्ताच्या साध्या तपासणीत. एवढ्या मोठ्या देशात हा थोडका हिस्साही लक्षावधींचा होतो.

दुसरी अडचण मापाची आहे. झीज मोजायची तर मूळ आकार किती, हे ठाऊक हवे. जगभर बराच काळ वापरला गेलेला मेंदूचा एक नकाशा, १९८८ चा तालैराक व तुर्नू यांचा, साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला होता. नंतरचा प्रमाणनकाशा माँट्रियल येथे ३०५ मेंदूंच्या चित्रांवरून तयार झाला. २०१९ मध्ये हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने १०० भारतीय तरुणांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा रचला, तेव्हा लांबीरुंदीत व घनफळात तो पाश्चात्त्य नकाशापेक्षा सरासरीने लहान असल्याचे दिसले. यात बुद्धीच्या उणेअधिकपणाचा काहीच संबंध नाही. शिंप्याने दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन आपला अंगरखा बेतला तर तो सैल होणारच. मात्र परक्या मापाने मोजल्यास निरोगी भारतीय वृद्ध झिजलेला ठरण्याचा धोका त्यात असतो.

तिसरी अडचण अंतराची आहे. चंडीगढच्या सेक्टर ३९ मध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला सेक्टर १२ मधील, १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था काही किलोमीटरवर आहे. मेळघाटातील कुटुंबाला तसे तज्ज्ञ गाठावयाचे तर अमरावती किंवा नागपूरपर्यंत जावे लागते. आणि जाण्याचे कारणच नाही असे त्याला वाटते, कारण म्हातारचळाला डॉक्टर कशाला? यंत्राचे अंतर रेल्वेने कापता येते. समजुतीचे अंतर त्याहून लांबचे आहे.

मात्र चित्रावर आंधळा विश्वास ठेवणे हेही शहाणपणाचे नाही. ऐंशीच्या पुढच्या मेंदूत अनेकदा दोन-तीन विकार एकत्र नांदतात. अमेरिकेतील ६७८ जोगिणींच्या दीर्घ अभ्यासात सिस्टर मेरी नावाची एक जोगीण १०१ वर्षे जगली. शेवटपर्यंत तिची बुद्धी परीक्षांत चांगली ठरली, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत अल्झायमरचे ठिपके व गाठी विपुल आढळल्या. मेंदूजवळ काही शिल्लक ठेव असते, आणि ती ठेव माणसागणिक निराळी असते. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये नोंदविले की दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सी. टी. चित्रांत पाहिले होते की सारख्याच बुद्धिस्थितीच्या रुग्णांत द्विभाषिकांचा मेंदू अधिक झिजलेला होता. म्हणजे अधिक हानी सोसूनही ते तग धरून होते. हा विषय अजून वादाचा आहे. तरीही घरात मराठी आणि दारात हिंदी, पंजाबी किंवा कानडी बोलत आयुष्य काढणाऱ्यांना तो विचार करण्याजोगा वाटेल.

म्हणून चित्र हे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. विस्मृती कधी सुरू झाली, हळूहळू वाढली की पायऱ्यापायऱ्यांनी, आधी आठवण गेली की आधी स्वभाव, भास होतात काय, चाल बदलली काय, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही यंत्राला देता येत नाहीत. ती घरची सून देते, मुलगा देतो, शेजारी देतो. आल्त्सहायमरने ऑगुस्ट डेटरजवळ बसून तिचे तुटक बोलणे लिहून घेतले नसते, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या गाठींना अर्थ आला नसता. तिचे कागद नव्वद वर्षे धूळ खात पडले होते. १९९५ मध्ये ते फ्रँकफुर्टला पुन्हा सापडले, आणि त्यांतली प्रश्नोत्तरे आजच्या डॉक्टरांनाही ओळखीची वाटली.

२०२१ पासून काही देशांत अल्झायमरच्या ठिपक्यांवर चाल करून जाणारी औषधे मान्य झाली आहेत. त्यांचा गुण माफक आहे, आणि ती देताना मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एम. आर. आय. करावा लागतो. ती ज्यांना लागू त्यांनाच द्यावयाची आहेत. म्हणजे अचूक वर्गवारीची गरज आणखी वाढली आहे. तथापि ज्या विकारांवर अजून औषध नाही त्यांतही नावाचा उपयोग आहे. रुसणाऱ्या, संशय घेणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसाच्या मागे त्याचा स्वभाव नसून झिजलेला अमुक एक भाग आहे, हे कळले की सांभाळणाऱ्याच्या मनातील राग निवतो. दागदागिन्यांची, मिळकतीची, मृत्युपत्राची व्यवस्था माणूस शुद्धीत असतानाच, त्याच्या इच्छेने करता येते. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज येतो आणि एकट्या सुनेवर पडणारा भार वाटून घेण्याची भाषा घरात सुरू होते.

जुन्या शब्दातील क्षमा टाकून देण्याचे कारण नाही. ती या रुग्णांना आजही हवी आहे. फक्त तिने चौकशीची जागा घेऊ नये. घरातील वृद्ध वाट चुकू लागले, नावे विसरू लागले, तर वयाकडे बोट दाखविण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारावे की हा कोणता विकार आहे. सव्वाशे वर्षांच्या खटपटीने या प्रश्नाला आज पुष्कळदा उत्तर मिळते; आणि त्या उत्तरांपैकी काहींचा शेवट ‘हे बरे होण्यासारखे आहे’ असा असतो.